बागेआधीचे पथ्य

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त शिक्षिका माझ्या दवाखान्यात नियमितपणे येत असत. वय सहासष्ट. पतिनिधनाला वर्ष उलटले होते, मुले परगावी होती, रक्तातील साखर चढू लागली होती आणि झोप उडाली होती. गावातील दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या असल्याने सगळेच त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही. गोळ्यांची मात्रा वाढवण्यापूर्वी मी त्यांना म्हणालो, “बाई, ओळखीत कुणाकडे जमिनीचा तुकडा मिळतो का पाहा आणि भाजी लावा. रोज तासभर मातीत काम केलंत तर साखर आणि झोप दोन्ही जागेवर येतील.”

बाई आज्ञाधारक रुग्ण. आठवड्याभरात त्यांनी जागा मिळवली. एका जुन्या विद्यार्थ्याने रस्त्याखालच्या उतारावर, ओढ्यालगत, दोन गुंठे जमीन विनामूल्य दिली. दोन महिने सारे सुरळीत चालले. मग श्रावण आला. खाली उतरणारी पायवाट जांभ्या दगडाची, तिच्यावर शेवाळ धरलेले. एका सकाळी बाईंचा पाय घसरला आणि खुब्याजवळ मांडीचे हाड मोडले. आसपास कुणीच नव्हते. गुरे घेऊन जाणाऱ्या एका मुलाने हाक ऐकली तोवर तासभर त्या पावसात पडून होत्या.

शस्त्रक्रियेनंतर मी भेटायला गेलो तेव्हा बाई नेहमीच्या शांत आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, तुमचं औषध बरोबर होतं. पथ्य तेवढं सांगायचं राहिलं.”

ते वाक्य माझ्या मनातून आजही गेलेले नाही. साधी वेदनाशामक गोळी लिहून देतानाही मी पोटाची आणि मूत्रपिंडाची चौकशी करतो. जमीन कसायला सांगताना मात्र मी काहीच विचारले नव्हते. जागा कुठे आहे? तिथपर्यंत जायचे कसे? पाणी कुठून आणणार? जवळपास माणूस असतो का? बागकाम आरोग्याला हितकर आहे, यात मला आजही शंका नाही. परंतु ते हितकर ठरते की घातक, हे बियाणे हातात घेण्यापूर्वीच, जागा निवडताना पुष्कळसे ठरून गेलेले असते. तेव्हा राहून गेलेले ते पथ्य आता येथे मांडत आहे.

निवडून वसवलेले गाव

आमचे पाचगणी हे गावच मुळी जागा पारखून वसवलेले आहे. महाबळेश्वर उन्हाळ्यात रम्य. पण तिथल्या पावसाळ्यात राहणे कठीण. वर्षभर राहता येईल अशा ठिकाणाचा शोध घेत जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने रुस्तमजी दुबाश यांच्यासह हे डोंगर पालथे घातले आणि १८६०च्या दशकात दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर व तायघाट या पाच गावांच्या मधली जागा पसंत केली. महाबळेश्वर येथून जेमतेम अठरा-एकोणीस किलोमीटरवर. तरी डोंगरधारेवरून पूर्वेकडे सरकताना पाऊस झपाट्याने उतरत जातो आणि इथे तो महाबळेश्वराच्या निम्म्याहूनही कमी पडतो. चेसनने केवळ देखावा पाहिला असता तर तो महाबळेश्वरातच थांबला असता. त्याने बारा महिन्यांचा विचार केला.

पुढे वैद्यकानेही हीच दृष्टी ठेवली. क्षयावर परिणामकारक औषधे नव्हती त्या काळात, १९१२ मध्ये, डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी येथे बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस अन्न हाच तेव्हाचा उपचार. त्यामुळे आरोग्यधामाची जागा हा उपचाराचाच भाग होता.

बागेच्या बाबतीतही निराळे नाही. युरोपात घरापासून वेगळ्या, भाड्याने घेतलेल्या लहान वाफ्यांची जुनी परंपरा आहे. जर्मनीत अशा बागांना ‘श्रेबर बागा’ म्हणतात. हे नाव लाइपझिगचे वैद्य डॉ. मॉरित्झ श्रेबर यांच्यावरून पडले. त्यांच्या निधनानंतर, १८६५च्या सुमारास, शहरातील मुलांसाठी एक क्रीडांगण करण्यात आले आणि त्याच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले गेले. मुलांचा उत्साह लवकरच ओसरला. आई-वडिलांनी वाफे हाती घेतले आणि कुटुंबांच्या बागा उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये १९०८च्या कायद्याने असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. तेथील पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांच्या आसपास. आता मात्र नवख्याला पुष्कळ ठिकाणी अर्धाच तुकडा दिला जातो. कारण आरंभीच्या उत्साहात घेतलेली मोठी जमीन दुसऱ्या वर्षी तणाने भरते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

आपल्याकडे जागा मिळते कशी?

आपल्याकडे अशी सार्वजनिक व्यवस्था नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेण्यास कायद्याने बंदी आहे. तेव्हा निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी किंवा माझ्यासारखा डॉक्टर यांच्यापुढे तीन वाटा उरतात: स्वतःच्या घराचे किंवा गृहसंस्थेचे मोकळे आवार, एखाद्या शाळेची वा संस्थेची पडीक जागा, आणि परिचित शेतकऱ्याच्या शेताचा कोपरा.

शेतकरी कोपरा द्यायला पुष्कळदा तयार असतो. पण त्याच्या मनात एक धास्ती असते. १९४८च्या कुळकायद्याची आठवण गावोगाव ताजी आहे. ‘आज भाजी लावायला दिली, उद्या कुळ म्हणून नाव लागले तर?’ ही शंका त्याने बोलून दाखवली नाही तरी आपण ओळखावी. केवळ बागकामापुरती, ठरावीक मुदतीची परवानगी असल्याचा साधा लेखी कागद जाणकाराच्या सल्ल्याने करून घ्यावा. पाणी कोणाचे, विजेचे बिल कोण भरणार, पीक कोणाचे आणि मुदत संपल्यावर कुंपण कोण काढणार, हेही त्यात असावे. संबंध बिघडण्याचा ताण हासुद्धा आरोग्याचाच प्रश्न आहे. पाचगणी-महाबळेश्वराचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. त्यामुळे उतार खोदणे, झाड तोडणे किंवा बोअर घेणे यांपैकी काहीही मनात असल्यास आधी चौकशी करावी.

पहिली कसोटी: अंतर

नवख्या माळ्याने मातीच्याही आधी अंतर पाहावे. स्वयंपाकघराच्या दारातून निघून दहा मिनिटांत चालत पोहोचता येईल ती जागा उत्तम. गाडी काढावी लागणारी जागा आठवड्यातून एकदाच पाहिली जाते, आणि भाजीला आठवड्यातून एकदा भेटून चालत नाही. आरोग्याच्या दृष्टीनेही रोजची अर्धी-पाऊण तासाची हालचाल अधिक मोलाची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. दररोज अर्धा तास कुदळ, खुरपे आणि झारी हाताळली तर हे प्रमाण सहज गाठले जाते. रविवारी एकदम चार तास वाकून काम केले तर सोमवारी कंबर धरून माझ्याकडे यावे लागते.

वाटही तितकीच महत्त्वाची. पावसाळ्यात ती निसरडी होते का? आधाराला कठडा आहे का? मोबाईलला तिथे संपर्क मिळतो का? हाक ऐकायला माणूस आहे का? साठीपुढच्या व्यक्तीने यांपैकी एकाही प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये. बाईंची जागा याच कसोटीवर पहिल्या दिवशी नापास व्हायला हवी होती.

दुसरी: पाणी, आणि त्याचे वजन

एक साधा हिशेब करून पाहू. कोरड्या दिवसांत भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला रोज साधारण चार ते पाच लिटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. त्याला रोजचे ४०० ते ५०० लिटर झाले. पाव गुंठ्यालाही १०० ते १२५ लिटर, म्हणजे दहा लिटरच्या दहा-बारा बादल्या. प्रत्येक बादली दहा किलोची. नळ पन्नास पावलांवर असेल तर ही बेरीज कंबर आणि गुडघे करतात.

मी स्वतः हा हिशेब न करता एकदा फसलो आहे. बारा वर्षांपूर्वी एका स्नेह्याने पठाराच्या कडेला चार गुंठे देऊ केले. समोर कृष्णेचे खोरे, खाली धोमच्या धरणाचे पाणी. मी तत्काळ होकार दिला. डोळ्यांसमोर एवढे पाणी असूनही वाफ्यापाशी थेंब नव्हता. कडेवरचा वारा माती तासाभरात कोरडी करी. माघ संपेपर्यंत माझी झाडे आणि माझा उत्साह दोन्ही वाळले होते. पाणी डोळ्यांना दिसते, म्हणजे मिळते असे नव्हे. म्हणून जागा पाहताना नळ किंवा विहीर ‘आहे का’ एवढेच न विचारता, ‘चैत्र-वैशाखात त्यात पाणी असते का’ हे विचारावे.

तिसरी: ऊन

टोमॅटो, वांगी, घेवडा, स्ट्रॉबेरी अशा फळणाऱ्या पिकांना दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवे. पालक, मेथी, कोथिंबीर चार तासांवर भागवून घेतात. परंतु उन्हाळ्यात पाहिलेले ऊन हिवाळ्यात त्याच जागी राहत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो आणि आपल्या अक्षांशावर दहा फूट उंच भिंतीची सावली भरदुपारीही उत्तरेकडे जवळजवळ नऊ फूट पडते. भाजीचा खरा हंगाम तर हिवाळ्याचाच. तेव्हा भिंत, घर किंवा झाडांची रांग वाफ्याच्या दक्षिणेला नसावी. पाचगणीत चेसनच्या काळापासून रुजलेले सिल्व्हर ओक सर्वत्र आहेत. ते डौलदार आहेत. पण त्यांच्या बुंध्याशी वाफा करू नये. सावली आणि मुळे दोन्ही आड येतात.

चौथी: माती

इथली तांबडी माती जांभ्या दगडापासून बनलेली. शतकानुशतकांच्या पावसाने तिच्यातील चुना आणि पुष्कळशी अन्नद्रव्ये धुऊन नेली आहेत. ती आम्लधर्मी असते आणि स्फुरद तिच्यात अडकून राहते. स्ट्रॉबेरीला किंचित आम्लता मानवते. मेथी-पालकाला मात्र ती अधिक झाली तर पोषण मिळत नाही. अशा मातीचा स्वभाव शेणखत आणि पालापाचोळ्याच्या कुजलेल्या खताने हळूहळू बदलतो. चुना किती घालायचा हे मात्र अंदाजाने ठरवू नये. माती तपासून घ्यावी. कृषी विज्ञान केंद्रात किंवा मृदचाचणी प्रयोगशाळेत ही सोय असते. रक्त न तपासता औषध देणे आणि माती न तपासता खत देणे यांत फारसा फरक नाही.

दोन परीक्षा जागेवरच करता येतात. पहिली पहारेची: पाच-सहा ठिकाणी पहार ठोकून पाहावी. वीतभर खोलीवरच दगडाचा आवाज येत असेल तर तेथे जमिनीत पेरणे सोडून गादीवाफे करावे लागतील. दुसरी पाण्याची: फूटभर खोल खड्डा पाण्याने भरावा, जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला एक ते तीन इंच उतरले तर निचरा चांगला. ते न उतरता साचूनच राहिले तर पावसाळ्यात मुळे कुजतील, आणि डासांचीही सोय होईल.

जमीन अगदीच खडकाळ निघाली तरी निराश होण्याचे कारण नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून घरच्या व परिसरातील काडीकचऱ्यापासून माती तयार करण्याचे शास्त्र सामान्य माणसापर्यंत नेले. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह ही त्यांची कल्पना अनेकांना ठाऊक असेल. आपण नवख्यांनी तिच्यातून एवढेच घ्यावे की माती हीही पिकवण्याची वस्तू आहे.

पाचवी: जमिनीचा पूर्वेतिहास आणि शेजार

नव्या रुग्णाला आम्ही पूर्वीचे आजार विचारतो. जमिनीलाही विचारावेत. आधी कोणते पीक होते, कोणती औषधे फवारली, राडारोडा टाकला होता का, शोषखड्डा किंवा सांडपाण्याचे गटार जवळून जाते का? शेजारच्या शेतात फवारणी होत असेल तर वाऱ्याची दिशा पाहावी, आणि फवारणीच्या दिवशी मुलांना घेऊन तेथे जाऊ नये. कच्ची कोथिंबीर आणि मुळा खाणार असू तर वाफ्याला मिळणारे पाणी सांडपाण्यापासून मुक्त असणे अनिवार्य आहे. माकडांचा मुक्काम जवळ आहे का, हेही गावकऱ्यांना विचारावे. त्याचे उत्तर पाचगणीत बहुधा हसूनच मिळते.

केवढी जागा घ्यावी?

पहिल्या वर्षी पाव गुंठा, म्हणजे साधारण सोळा फूट लांब आणि तितकीच रुंद जागा पुरेशी आहे. वाफा चार फुटांहून रुंद नसावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि मातीवर पाय द्यावा लागत नाही. दोन वाफ्यांमध्ये दोन फूट वाट ठेवावी. काठी वापरणाऱ्यांसाठी तीन फूट. गुडघे दुखत असतील तर दीड-दोन फूट उंचीचे गादीवाफे बांधून स्टुलावर बसून काम करावे. दसऱ्याच्या सुमारास मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर आणि थोडा घेवडा एवढ्यावर आरंभ करावा. मेथीची पहिली जुडी महिन्याभरात हाती येते, आणि नवख्याला टिकवून धरण्यास ती पुरते.

शरीराची काळजी

काही सूचना डॉक्टर म्हणून. धनुर्वाताच्या लसीची मात्रा केव्हा घेतली ते आठवत नसेल तर आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पावसाळ्यात गमबूट आणि हातमोजे घालावेत. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. झुडपांत काम केल्यानंतर काही दिवसांनी ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना अवश्य दाखवावी. स्क्रब टायफसची ती खूण असू शकते. गवतात हात घालण्यापूर्वी काठी फिरवावी. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव शक्यतो हलू न देता रुग्णालय गाठावे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी काम करू नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बसून काम केल्यावर सावकाश उठावे.

दोनदा पाहा, मग हो म्हणा

माझी पहिली बाग वाळून गेल्यावर एका वृद्ध स्ट्रॉबेरी उत्पादकाने मला सांगितले होते, “डॉक्टरसाहेब, जागा आषाढात बघायची आन् वैशाखात बघायची. दोन्ही येळेला बरी दिसली तरच हो म्हणायचं.” आषाढात पाणी कुठे साचते, वाट कुठे निसरते हे दिसते, वैशाखात विहीर तळ दाखवते. मध्ये एकदा पौषात जाऊन सावली पाहून यावी. निर्णयाला वर्ष लागले तरी हरकत नाही. तोपर्यंत दारात चार कुंड्या ठेवून हात बसवावा.

बाईंना काठीच्या आधाराने नीट चालता यायला पाच महिने लागले. त्यानंतर एके दिवशी त्या दवाखान्यात आल्या आणि त्यांनी पिशवीतून एक वही काढली. घराच्या मागे, दारापासून बावीस पावलांवर, शेजाऱ्यांच्या आवाराचा एक तुकडा होता. आषाढापासून त्यांनी खिडकीत बसून त्याची नोंद ठेवली होती: ऊन किती वाजता येते, किती वाजता जाते, पाणी कुठे थांबते, शेजारीण कोणत्या वेळी अंगणात असते. शेवटच्या पानावर शाळेतल्याप्रमाणे गुणांचा तक्ता होता. अंतराला पैकीच्या पैकी. मातीला शंभरात पस्तीस.

“काठावर पास आहे,” बाई म्हणाल्या, “पण अभ्यास घेतला तर सुधारेल.”

आज तेथे तीन गादीवाफे आहेत. बाईंच्या गोळ्या बंद झालेल्या नाहीत. वाढवाव्या मात्र लागल्या नाहीत, आणि रात्री झोप लागते असे त्या सांगतात. कुणाला बागकाम सुचवायचे झाले की आता मी आधी विचारतो, जागा दारापासून किती पावलांवर आहे? उत्तर मिळाल्यावरच पुढचे बोलतो.